एक कपाट, दोन भाऊ

आम्ही दोघे भाऊ. थोरला खोपोलीला कारखान्यात, धाकटा कर्जतच्या पुढे कॉलेजात. पळसदरी स्टेशनावरून एकाची गाडी घाटाच्या पायथ्याकडे जाते, दुसऱ्याची मुंबईच्या दिशेने. पण घरात कपाट एकच आणि मापही जवळपास एकच. अर्धा इंच बाहीचा फरक आहे, तो आम्ही बाही दुमडून मिटवतो. त्यामुळे या लेखातले ‘आम्ही’ थाटाचे नाही, खरोखरीचे आहे. कपड्यांबद्दल आमची मते बरीचशी एक आहेत. जिथे नाहीत तिथे तसे सांगू.

आमच्याकडची पहिली फॅशन पाऊस ठरवतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे कपडा घालणे सोपे, वाळवणे कठीण. जीन्स धुतली की तीन दिवस दोरीवर, आणि तिसऱ्या दिवशी तिला असा कुबट वास येतो की अत्तरही हार मानते. म्हणून पावसाळ्यात आम्ही पातळ सुती-मिश्र पँट वापरतो. रंग गडद, कारण स्टेशनापर्यंतच्या वाटेवरचा तांबडा चिखल पोटरीपर्यंत नक्षी काढतो. शनिवार-रविवारी तलावावर आणि धबधब्यावर मुंबईहून पोरे येतात, पांढरे बूट घालून. जाताना त्या बुटांकडे पाहवत नाही. अम्मी म्हणते, हसू नका, कोणाच्या तरी आईला ते घासावे लागणार. आमचे पावसाळी बूट रबरी, स्वस्त, मशिदीबाहेर काढून ठेवले तरी चोरीला न जाणारे. याहून मोठा गुण चपलेत असू शकत नाही असे थोरल्याचे मत आहे.

तरी जुम्याला पांढरा कुर्ता हवाच. भर पावसात, छत्री वाकडी करून, पायजमा एका हाताने वर धरून आम्ही जातो. अब्बांनी आयुष्यभर विजार घोट्याच्या वर ठेवली. लहानपणी शाळेतली मुले विचारत, तुझ्या अब्बांची पँट आखूड का झाली? आता तीच उंची दुकानात ‘अँकल फिट’ म्हणून मिळते आणि तिचे दोनशे रुपये जास्त पडतात. विजार घोट्याखाली जाण्याचा दोष घमेंडीपुरता की सरसकट, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. पळसदरीच्या चिखलात मात्र अब्बांचेच खरे.

जीन्सबद्दल आम्हाला जरा जास्त बोलायचे आहे, कारण घरात सर्वात जास्त वाद तिच्यावर झाले. दादी तिला ‘अंग्रेजी पाटलोन’ म्हणायची. पण इंग्रजीत ज्याला ‘डंगरी’ म्हणतात ते जाडेभरडे सुती कापड आणि त्याचे नाव, दोन्ही मुंबईच्या डोंगरीवरून गेले. सतराव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत आहे. आज जिथे आपली माणसे रमजानात गर्दी करतात त्याच भागाचे नाव साहेबाच्या कामगाराच्या अंगावर गेले. आणि जीन्सच्या खिशाला जे तांब्याचे रिव्हेट असतात, त्यांचे पेटंट 20 मे 1873 रोजी अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना मिळाले. डेव्हिस हा शिंपी होता. मजुरांच्या विजारींचे खिसे फाटतात म्हणून त्याने ही युक्ती काढली. आमच्या चाचांना हे सांगितले तेव्हा ते मशीन थांबवून म्हणाले, “मग? शेवटी दर्जीच कामाला आला ना!”

आमच्या बहुतेक जीन्स उल्हासनगरच्या. मुंबई परिसरात स्वस्त जीन्स शिवण्याचे ते मोठे केंद्र. कर्जतहून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत आम्ही किती वेळा तिथे उतरलो याची गणती नाही. पण धाकट्याने अलीकडे तिथली खरेदी कमी केली आहे, आणि त्याचे कारण शिलाई नाही. जीन्स जुनी, उडालेली दिसावी म्हणून ती रसायनात धुतात. त्या धुलाईचे निळे पाणी वालधुनी नदीत जात होते, त्यावर तक्रारी झाल्या, कारखान्यांवर कारवाई झाली. वालधुनी पुढे उल्हास नदीच्या खाडीला मिळते. ती उल्हास उगवते आमच्याच वरच्या अंगाला, राजमाचीच्या डोंगरांत, आणि कर्जतवरून खाली जाते. आम्ही तिच्यात पोहायला शिकलो. नवी विजार जुनी दिसावी म्हणून नदी खराब करायची, हा व्यवहार धाकट्याला पटत नाही. थोरला म्हणतो, तिथे शिवणाऱ्या, धुणाऱ्या माणसांचे पोटही त्यावरच आहे, त्यांचे काय? त्यावर धाकट्याकडे उत्तर नाही. म्हणून सध्या आम्ही न धुतलेली, गडद निळी जीन्स घेतो आणि ती आपोआप जुनी होऊ देतो. दोन वर्षे लागतात. फुकट होते.

फाटक्या जीन्सबद्दल मात्र एकमत. गुडघ्यावर भोक असलेली विजार आम्ही घेत नाही. पुरुषाचा सतर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, मग ती घालून असरला उभे कसे राहायचे? तीच गोष्ट कमरेखाली उतरणाऱ्या पँटची आणि तोकड्या टी-शर्टची. सजद्यात गेल्यावर मागच्या सफमधल्या बुजुर्गाला जे दिसते ते त्याच्यावर लादणे हा जुलूम आहे. आमचा नियम साधा: खाली वाकून पाहा, मग विकत घ्या. दुकानदार हसतात.

चाचांचे दुकान खोपोलीत. एक मशीन, एक इस्त्री, भिंतीला मापाची वही. रेडिमेडमुळे पँट शिवायला आता कोणी येत नाही, येतात ते फक्त मोहरी लहान करायला आणि कंबर सैल करायला. पण कुर्ता ते अजून कळीचा शिवतात, दोन्ही बाजूंना कळ्या, बगलेत पट्टी, म्हणजे हात वर केला तरी कुर्ता ओढला जात नाही. बाजारातल्या कुर्त्यात कापड वाचवायला हे सगळे काढून टाकतात, आणि मग तकबीरला हात उचलला की काखेत टीप उसवते. चाचा शिवताना बोलत असतात. विजार, पैरण, रुमाल, मोजा, पायजमा हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले, आणि आता वारकऱ्याच्या बोचक्यातही तेच आहेत, असे ते सांगतात. गणपतीत आमचा शेजारी मित्र आमचा पांढरा कुर्ता मागून नेतो आणि इस्त्री करून परत देतो. एका वर्षी खिशात बुक्क्याची पुडी राहिली होती. अम्मीने ती काढून, घडी नीट करून, त्याच्या आईकडे परत पाठवली.

सोन्याची साखळी आणि रेशमी शेरवानी या दोन गोष्टी लग्नाच्या हंगामात डोके वर काढतात. पुरुषाला दोन्ही मना आहेत हे सगळ्यांना ठाऊक, तरी नवऱ्या मुलाला सासरची सोन्याची अंगठी घालतातच. थोरल्याच्या निकाहाची बोलणी चालू आहेत, त्याने आधीच सांगितले आहे, चांदीची चालेल. शेरवानी भाड्याने. एका दिवसाच्या कपड्याला बारा हजार द्यायचे आणि अम्मीच्या डोळ्यांचे ऑपरेशन पुढे ढकलायचे, हे होणार नाही. सूरह आराफमध्ये इबादतीच्या वेळी सजण्याची आज्ञा आहे, आणि तिथेच उधळपट्टीची मनाईही. लोक पहिला भाग पाठ करतात.

आता दाढी. थोरल्याला एका ठिकाणी मुलाखतीत विचारले होते, “ही कायमची आहे का?” त्याने हो म्हटले. नंतर फोन आला नाही. दाढीमुळेच आला नाही असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही, त्या दिवशी रांगेत चाळीस जण होते. पण प्रश्न कानात राहिला. आत्ताच्या कारखान्यात खाण्याचा माल असतो, तिथे डोक्याला जाळी तशी दाढीलाही जाळी देतात, सगळ्यांना, आणि विषय संपतो. दाढी ठेवायची तर नेटकी ठेवावी, तेल लावावे, कंगवा फिरवावा. विस्कटलेल्या दाढीत साधेपणा नसतो, आळस असतो.

राहिली टोपी, आणि इथे आमचे पटत नाही. घरात दादांच्या अब्बांचा एक फोटो आहे, लाल तुर्की टोपी, काळा गोंडा. तुर्कस्तानात 1925 साली कायदा करून ती टोपी बंद केली, आमच्याकडे त्यानंतरही डोक्यावर राहिली. फोटोत पणजोबा मुंबईच्या गाडीत चढण्याआधीसारखे ताठ उभे आहेत. अम्मी त्या फोटोखालीच उभी राहून सांगते, गाडीत टोपी खिशात ठेवा. 2014 च्या जूनमध्ये पुण्यात, हडपसरला, नमाजहून परतणाऱ्या एका संगणक क्षेत्रातल्या तरुणाला जमावाने मारून टाकले. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर दाढी, एवढी त्याची ओळख पुरली. अम्मीने ती बातमी ऐकली तेव्हापासून आम्ही दोघे घरी येईपर्यंत ती ओट्याजवळच बसते.

थोरला टोपी काढत नाही. तो म्हणतो, याच गाडीत वीस वर्षे ओळखीची माणसे बसतात, कर्जतला वडा घेतला की अर्धा माझ्या हातात देतात, त्यांच्यासमोर मी का लपू? धाकटा काढतो. तो म्हणतो, माझ्या डब्यात रोज नवे चेहरे असतात, आणि अम्मीला घाबरवून मला काय मिळणार? दोघांच्याही बोलण्यात खोट नाही, म्हणून भांडण मिटत नाही.

चाचांनी यावर मत दिले नाही. मागच्या महिन्यात आमचे दोन कुर्ते शिवताना त्यांनी दोन्हींना आतून, छातीच्या डाव्या बाजूला, एक जास्तीचा खिसा लावला. उथळ, रुंद, जाळीची टोपी घडी करून बरोबर मावेल असा. शिलाई वाढवली नाही. धाकट्याच्या खिशात सकाळी टोपी असते. थोरल्याच्या खिशात गाडीचा पास.