कार्डांवरची नावं

ती. ताईस,


‘डिआना बुदिसावल्येविचची डायरी’ हा 2019चा क्रोएशियन चित्रपट पाहिला. तूही तो पाहावास, म्हणून हे पत्र.

डिआना मूळची ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची. झाग्रेबमधल्या एका सर्ब सर्जनशी लग्न करून तिथेच स्थायिक झालेली, दोन मुलींची आई. 1941 मध्ये नाझींच्या पाठबळावर क्रोएशियात उस्ताशा या फॅसिस्ट गटाचं राज्य आलं आणि सर्ब, ज्यू, रोमा छावण्यांत कोंडले जाऊ लागले. लोबोरग्राडच्या छावणीत बायका लेकरांसकट डांबल्यात, हे ऑक्टोबरमध्ये तिच्या कानावर आलं. ज्यूंसाठी निदान त्यांची संस्था धडपडत होती, सर्ब बायकांना कुणीच वाली नव्हता. पन्नाशीतल्या या बाईने कपडे, औषधं, पैसे गोळा करायला घेतले. नवरा सर्ब, म्हणजे धोका थेट घरातच होता.

1942च्या उन्हाळ्यात बोस्नियातल्या कोझारा डोंगराभोवतीची गावंच्या गावं उठवली गेली. आईबापांना मजुरीसाठी जर्मनीला धाडलं, पोरं छावण्यांत मागे राहिली. जुलैत डिआना रेड क्रॉसच्या नर्सेसना घेऊन स्तारा ग्रादिश्काच्या छावणीत शिरली. छावण्यांचा प्रमुख लुबुरिच याने त्यांनाही तिथेच ठेवून घेण्याची धमकी दिली. तरी ती मुलांना घेऊनच निघाली. कित्येक मुलं इतकी खंगलेली होती, की वाटेत नाहीतर झाग्रेबला पोचल्यावर दगावली. जर्मन भाषेच्या जोरावर ती जर्मन अधिकाऱ्यांकडे जाई, परवाने मिळवी. मारेकऱ्यांच्या दारात जाऊन याचना करणं सोपं नव्हे. मला तिचं धैर्य सगळ्यात जास्त तिथे दिसतं.

आणि ताई, ती कार्डं! प्रत्येक मुलाचं नाव, गाव, आईबाप, त्याला सांभाळायला कुणाकडे दिलं, हे सगळं ती आणि तिचे सोबती लिहून ठेवत. काही मुलं तर इतकी तान्ही, की स्वतःचं नावही सांगता येईना. अशी सुमारे 12,000 मुलांची नोंद झाली. तू शाळेचं जनरल रजिस्टर जिवापाड जपायचीस, त्याची आठवण झाली. लढाई संपल्यावर लेकरू आपल्या माणसांत परत जावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. नुसता जीव वाचवून ती थांबली नाही, मूल कुणाचं हेही तिने वाचवलं. माझ्या लेखी तिचं मोठेपण यात आहे.

मे 1945 मध्ये नव्या कम्युनिस्ट सरकारने ती कार्डं तिच्याकडून काढून घेतली. आईबापांशी मुलांची गाठ घालून द्यायचं तिचं काम तिथेच थांबलं. पुढे युगोस्लाव्हियात तिचं नाव कुणी घेतलं नाही. हा उघड अन्याय आहे. जर्मनमध्ये लिहिलेली तिची डायरी नातीने जपली, भाषांतरित केली, आणि 2003 मध्ये क्रोएशियाच्या राज्य अभिलेखागाराने ती छापली.

दिग्दर्शिका दाना बुदिसावल्येविच हिने चित्रपट कृष्णधवल ठेवलाय. डिआना झालेली आल्मा प्रित्सा कुठेही रडून दाखवत नाही. मधूनमधून तेव्हा वाचलेली मुलं, आता थकलेली, स्वतः पडद्यावर येतात आणि बोलतात. क्रोएशियातल्या पुला चित्रपट महोत्सवात याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, तो योग्यच.

डिआना 1978 मध्ये इन्सब्रुकला वारली. तिच्यामुळे 10,000 हून अधिक मुलं जगली. मोठ्या नातवंडांना शेजारी बसवून हा चित्रपट बघ, आणि संपल्यावर त्यांच्याशी बोल. धाकट्यांना इतक्यात नको.

तुझी,
धाकटी