मिझुरीची तबकडी

ज्या तबकडीविषयी मला लिहावयाचे आहे, ती लॉस एंजेलिसच्या ए अँड एम रेकॉर्ड्स या कंपनीने १९६८ च्या ऑक्टोबरात बाजारात आणली आणि बाजाराने तिच्याकडे जवळजवळ ढुंकूनही पाहिले नाही. ‘द फँटॅस्टिक एक्स्पेडिशन ऑफ डिलर्ड अँड क्लार्क’ हे तिचे नाव. १८०४ साली सेंट लुईसच्या परिसरातून निघून पॅसिफिक महासागर गाठणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेची याद देणारे हे शीर्षक थट्टेखोर खरे, पण सर्वस्वी अप्रस्तुत नव्हे; कारण जीन क्लार्क हा मिझुरी राज्यातील टिप्टनचा, डग डिलर्ड त्याच राज्यातील सेलमचा, आणि ह्यांची मोहीम उलट दिशेची, त्या महासागराच्या काठावरून आपल्या मुलखाकडे परतणारी होती.

खनिशास्त्राच्या शिक्षणासाठी मी रोला येथील विद्यापीठात होतो, तेव्हा ही तबकडी जुन्या मालाच्या एका दुकानात माझ्या हाती लागली. साइडकार जोडलेल्या मोटारसायकलवर विराजमान झालेल्या त्या दोन इसमांचे मुखपृष्ठावरील छायाचित्र पाहून मला काही बोध झाला नाही. परंतु ज्यांच्या घरी मी भाड्याने राहत असे त्या वृद्ध बाईंना त्यातील एक मुद्रा तत्काळ ओळखू आली. सेलम हे रोलाच्या दक्षिणेस अवघ्या पंचवीस मैलांवर. आणि डिलर्ड बंधूंचा वाद्यवृंद ‘अँडी ग्रिफिथ शो’ या दूरचित्रवाणी मालिकेत डार्लिंग नावाच्या डोंगरी कुटुंबातील मुलगे म्हणून अवतरत असे, हे त्या परगण्यात कोणास ठाऊक नव्हते? ते मुलगे चकार शब्द न बोलता बसावयाचे आणि वाद्ये हाती आली की घर दणाणून सोडावयाचे. बाईंच्या लेखी डग डिलर्ड हा कलावंत नव्हता, शेजारगावचा पोर होता. ओक वृक्षांच्या रानातून, शिशाच्या खाणींच्या त्या टापूतून हिंडताना मला हळूहळू पटत गेले की ह्या संगीताचा अर्थ लावण्यास बाईंची ही दृष्टी समीक्षकांच्या दृष्टीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

जीन क्लार्क हा ‘बर्ड्‌स’ या विख्यात रॉक वृंदाच्या संस्थापकांपैकी एक आणि आरंभीचा त्यांचा प्रमुख गीतकार. विमानप्रवासाच्या भयाचे निमित्त होऊन १९६६ मध्ये तो त्यांतून बाहेर पडला. डिलर्डची परंपरा निराळी. केंटकीच्या बिल मन्रोने ज्या ब्लूग्रास संगीताची घडी बसविली आणि १९४५ मध्ये मन्रोच्या वृंदात येऊन अर्ल स्क्रग्जने ज्यास बॅन्जोची तीन बोटांची चाल दिली, त्या घराण्याचा तो वादक. (बॅन्जो म्हटल्यावर गिरगाव-लालबागच्या गणपतीच्या मिरवणुकीतील पट्ट्यांचे वाद्य डोळ्यांसमोर आणू नये, ते जपानी वंशाचे आहे, हे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी घडविलेले.) अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांवर नख्या चढवून आठ स्वरांचे तीन-तीन-दोन असे तुकडे पाडावयाचे आणि दांडीच्या मध्यावरच खुंटी असलेल्या आखूड पाचव्या तारेचा उंच स्वर त्यांत अखंड वाजता ठेवावयाचा, अशी ही चाल. तिच्यातच लय सामावलेली असल्यामुळे ताल धरावयास दुसऱ्या कोणाची गरज उरत नाही. म्हणूनच ह्या तबकडीतील बहुतेक गाण्यांत ड्रम गैरहजर असूनही ती गाणी रॉकच्या आवेगाने पुढे सरकतात.

संगीतप्रकारांचे मिश्रण करणारे पुष्कळ असतात. त्यांच्या हातून बहुधा जे निपजते त्यात प्रत्येक पक्ष आपला वाटा मोजून वसूल करताना दिसतो. येथे क्लार्कने विजेच्या गिटारीचा कल्लोळ सोडला, डिलर्डने वेगाचा अहंकार सोडला. बर्नी लेडनची गिटार, डॉन बेकचे मँडोलिन आणि डोब्रो, मध्येच कोठे हार्पसिकॉर्डचा अनपेक्षित निनाद, आणि ह्या सर्वांवर क्लार्कचा तो किंचित खिन्न, स्वतःशीच हुज्जत घालणारा कंठ. केवळ नऊ गाणी. त्यांतील एकासही काटछाटीची जरूर नाही.

स्वदेशी परतून चंद्रपूरच्या कोळसाखाणीत रुजू झालो तेव्हा सामानात एक अमेरिकन रेकॉर्ड प्लेअर होता. ट्रान्स्फॉर्मर बसवून विद्युद्दाब उतरविता येतो, पण तिकडील साठ आवर्तनांच्या प्रवाहाऐवजी येथे पन्नास असल्याने यंत्राची मोटर एकषष्ठांशाने मंद फिरे आणि मिनिटास तेहतीस फेऱ्यांची तबकडी अठ्ठावीसच्या आतबाहेर रेंगाळे. गाणी सुमारे दीड स्वराने खाली उतरत. क्लार्क एखाद्या वयोवृद्ध कीर्तनकारासारखा गाऊ लागे. तथापि ह्या व्यंगाचा एक लाभ झाला, तो असा की रोलामध्ये जी बॅन्जोची सरसर एकसंध वाटे, तिच्यातील एकेक स्वर आता सुटा होऊन कानी पडू लागला. अंगठा कोठे पडतो, पाचवी तार कोठे बोलते, आणि गायक श्वास घेतो त्या जागी डिलर्ड किती अदबीने बाजूस सरतो, हे सारे मला चंद्रपूरच्या उन्हाळ्यात प्रथम उमगले. पुढे खाणीच्या कार्यशाळेतील एका कुशल कारागिराने लेथवर एकपंचमांशाने मोठी पुली घडवून दिली आणि गाणी मूळपदावर आली. सौभाग्यवतींना मात्र ती आधीचीच, मंद असलेली, अधिक आवडत.

क्लार्क आणि डिलर्ड यांचा संसार मात्र अल्पायुषी ठरला. १९६९ मध्ये दुसरी तबकडी निघाली आणि क्लार्क वेगळा झाला. लेडन १९७१ मध्ये ‘ईगल्स’ वृंदाच्या स्थापनेत सामील झाला आणि क्लार्कसमवेत रचलेले ‘ट्रेन लीव्ह्ज हिअर धिस मॉर्निंग’ हे गाणे त्याने १९७२ च्या त्यांच्या पहिल्या तबकडीत पुनश्च गाइले. डिलर्ड-क्लार्कच्याच पहिल्या तबकडीतील ‘शी डार्क्ड द सन’ गायिका लिंडा रॉनस्टॅटने १९७० मध्येच उचलले होते. म्हणजे बीज एकाचे आणि पिकाचा हक्क दुसऱ्याचा, हा जमाखर्च सर्वत्र सारखाच. क्लार्क १९९१ मध्ये वारला आणि टिप्टनच्याच मातीत गेला. डिलर्ड २०१२ मध्ये नॅशव्हिल येथे निवर्तला. मधल्या काळात, २००७ साली, रॉबर्ट प्लँट आणि ॲलिसन क्राउस या गायकद्वयाने दुसऱ्या तबकडीतील दोन गाणी ‘रेझिंग सँड’मध्ये घेतली, त्या संग्रहास ग्रॅमीचा सर्वोच्च मान मिळाला, आणि माझ्या परिचयातील तरुण मंडळी क्लार्क हा कोण, असे मजजवळ विचारू लागली.

त्यांस मी दुसरी तबकडी सांगत नाही. तिच्यात ड्रम आले, गाणारे वाढले, उसनी गाणी वाढली आणि तो संयम उणावला. पहिलीच अव्वल, असा माझा निर्णय आहे आणि तो बदलण्याचे कारण अद्यापि दिसत नाही. आता ही गाणी भ्रमणध्वनीवरदेखील अचूक वेगाने ऐकावयास मिळतात. वाचकांपैकी कोणास इच्छा झाल्यास त्यांनी आरंभ ‘ट्रेन लीव्ह्ज हिअर धिस मॉर्निंग’पासून करावा, ‘आउट ऑन द साइड’ हे पहिले गाणे मात्र शेवटी ऐकावे.