उंदीर तरंगतो तेव्हा

काचेच्या उभ्या भांड्यात साधारण 25 अंश सेल्सिअसचं पाणी. त्यात उंदीर सोडतात. पाय तळाला टेकत नाहीत, काच चढता येत नाही. आधी तो धडपडतो, मग नुसता तरंगतो. 6 मिनिटांपैकी शेवटच्या 4 मिनिटांत तो किती सेकंद तरंगला ते मोजायचं. औषध दिलेला उंदीर कमी तरंगला, तर ते औषध नैराश्यावर चालू शकेल असं धरतात. रॉजर पॉर्सोल्टने 1977 साली मांडलेली ही चाचणी वनस्पतींतल्या कितीतरी द्रव्यांना द्यावी लागली आहे. हळदीतलं कर्क्युमिन त्यातलंच. चीनमध्ये आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत ते पास झालं.

ही बातमी आमच्या घरी मावशीच्या फोनवरून आली. "ताई, गोळ्या सोड, हळद घे. उंदरांवर सिद्ध झालंय." आई दीड वर्ष नैराश्याच्या गोळ्या घेते आहे. तिने मला विचारलं, "खरं का रे?"

मी रोज कोडसाठी टेस्ट लिहितो. टेस्ट पास होते म्हणजे तिने विचारलं तेवढ्याचंच उत्तर मिळतं. इथे विचारलंय काय? उंदीर हताश होऊन थांबला, की सुटका नाही हे ओळखून ताकद राखतोय? तरंगणं हे शहाणपणही असू शकतं. अॅम्फेटामाइनसारखं उत्तेजक दिलं तरी उंदीर जास्त हातपाय मारतो, म्हणून मोकळ्या जागेतली त्याची धावपळ वेगळी मोजावी लागते. शिवाय बहुतेकदा हा उंदीर धडधाकट असतो, आणि औषधाचा परिणाम एखाद्या डोसनंतरही दिसतो. माणसाला त्याच औषधाने बरं वाटायला काही आठवडे जातात.

चाचणी निरुपयोगी नाही. आज वापरात असलेली बरीच औषधं तिच्यातून पार होतात. ती चाळण आहे. पुढे काय तपासायचं एवढंच तिच्यातून ठरतं. त्यात हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असतं साधारण 3 टक्के, आणि पोटातून रक्तात पोचतं त्याहून फारच थोडं.

हे सगळं आईला सांगितलं. गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर येते, झोप उडते, आजार उलटू शकतो, हेही सांगितलं. हळदीचं दूध हवं तर पी, पण गोळ्यांचं डॉक्टरांना विचार.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या उंदराला शेवटी बाहेर काढतात ना?"

काढतात. पुसून कोरडा करतात. पुढचं मी तिला सांगितलं नाही.