बेटावर जायचं ठरलं तेव्हा

आमच्या घरी सहलीचा बेत जेवणाच्या ताटावर ठरतो आणि बहुधा ताटं उचलायच्या आत मोडतो. या खेपेस तो मोडू द्यायचा नाही, असा मी पणच केला होता. झालं काय, शेजारचं बिऱ्हाड थायलंडला जाऊन आलं. आमच्या लेकीनं त्यांचे फोटो पाहिले आणि आमटी-भाताबरोबर घरात फुकेत शिरलं. निळंशार पाणी, पांढरी वाळू, वाकलेले माड! हेही चक्क ‘बघू या’ म्हणाले. ह्यांचं ‘बघू या’ म्हणजे अर्धा होकार, हे मैत्रिणींनो, तुम्हांला निराळं सांगायला नकोच.

मी लगेच हिशेबाची वही काढली. परदेशी बेटाचा बेत करायचा तर पैशांच्याही आधी दोन गोष्टी बघाव्या: पासपोर्ट आणि पाऊस. पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने तरी शिल्लक हवी. ह्यांचा केव्हाच संपलेला, आणि सासूबाईंनी तर जन्मात काढलेला नव्हता. पावसाचं म्हणाल, तर बेट म्हणजे बारमाही ऊन असं आपण धरून चालतो. तसं नाही, बरं का! फुकेत, क्राबी या बाजूला साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस, आणि पलीकडच्या आखातातल्या सामुईला तो ऑक्टोबर ते डिसेंबर झोडपतो. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे माझी सुट्टी एक तर मे महिन्यात, नाहीतर दिवाळीत. दिवाळीत फुकेत जमण्यासारखं होतं. मी आकडे मांडायला घेतले, तोच सासूबाई ताटावरून उठता उठता म्हणाल्या, “तुमी जावा. मी रवतंय घरात.”

सहज म्हणाल्या हो. रागानं नाही, लोभानं नाही. पण माझी लेखणी तिथंच थांबली.

सासूबाईंचं माहेर मालवणजवळचं. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मी विचारलं, “आई, तुमचा सिंधुदुर्ग किल्ला कितीदा पाहून झाला असेल?” त्या हसल्या. “किल्लो खंय बघूक गावलो? लांबसून बघलंय.”

मला खरंच वाटेना. बंदरावरून समोरच तर दिसतो तो! पण त्या सांगू लागल्या तसं पटत गेलं. लहानपणी मुलींना होडीतून कोण पाठवणार? लग्न झालं आणि मुंबई. मग गावी जायचं ते गणपतीला. तेव्हा पावसाळा, समुद्र खवळलेला, किल्ल्याच्या होड्या बंद. मे महिन्यात गेल्या तरी आमसुलं, पापड, फणसाची साटं यांतून घरच्या सुनेला समुद्र बघायला सोडतो कोण? वयाची चौऱ्याहत्तर वर्षं झाली, आणि समोर दिसणाऱ्या बेटावर बाईचं पाऊल पडलेलं नाही.

ती वही मी मिटली आणि दुसरी काढली. लेक रुसली. रुसू दे म्हटलं.

बेत करताना उमगलेल्या गोष्टी सांगते, तुम्हांला उपयोगी पडतील. मालवणला थेट आगगाडी नाही. कुडाळला उतरायचं आणि तिथून तीसेक किलोमीटर एस. टी. किंवा रिक्षा. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीचे एकशेवीस आता नाहीत. दिवाळीच्या गर्दीत साठावा दिवस चुकला की बसा हात चोळत. मी कॅलेंडरवर लाल खूण केली होती, म्हणून तर खालचा बर्थ मिळाला. गुडघेदुखीच्या माणसाला वरच्या बर्थवर कोण चढवणार?

राहायला आम्ही मालवणपासून सहा-सात किलोमीटरवर तारकर्लीला घरगुती निवास घेतला. इथे एक कबूल करते. पहिल्या रात्री कोंबडी-वडे आणि सोलकढी आयती पुढ्यात आली, तेव्हा मी सुखानं डोळे मिटले. आणि उघडले तर दारात घरमालकीण, पदरानं कपाळ पुसत उभी. माझी रजा म्हणजे तिची दुप्पट चूल! तेव्हापासून मी नेम केला: उद्या जेवायला किती, मासे खाणारे किती, न खाणारे किती, हे आदल्या रात्रीच सांगायचं आणि पैशांत घासाघीस करायची नाही.

लेकीला पाण्याखालचं प्रवाळ बघायचं होतं. मालवणच्या समुद्रात ते आहे, म्हणून तर १९८७ साली इथलं सागरी अभयारण्य जाहीर झालं. तिला म्हटलं, बघ. पण त्यावर पाय देऊ नकोस. थायलंडमधली ती प्रसिद्ध ‘माया बे’ माणसांच्या गर्दीनं प्रवाळ मेलं म्हणून २०१८ च्या जूनपासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत बंद ठेवावी लागली होती. आणि होडीत बसताना जीवरक्षक जाकीट अंगात हवंच, हातात नव्हे. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तो संगम दिसतो देखणा, पण तिथल्या ओढीत पोहायला उतरायचं नाही, म्हणजे नाही.

माझी चूक झाली ती किल्ल्याच्या दिवसात. मी तो शेवटून दुसऱ्या दिवशी ठेवला होता. बंदरावर गेलो तर वारा सुटलेला, होड्या दोरखंडाला बांधून ठेवलेल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बाकावर बसून समोर बघत राहिल्या, जशा आजवर बघत आल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हा तुम्ही तरी किल्ला पहिल्याच दिवशी ठेवा आणि हाताशी एक दिवस मोकळा राखा.

सकाळी वारा पडला. होडी दहा-पंधरा मिनिटांत कुरटे बेटाला लागते. बसायला सोपी, उतरायला अवघड. एक पाय हलत्या होडीत, एक दगडावर. होडीवाल्यानं आणि ह्यांनी मिळून सासूबाईंना अलगद उतरवलं. महादरवाजा असा वळणात लपवलेला, की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. १६६४ साली शिवाजी महाराजांनी हे बांधकाम सुरू करवलं. चुन्यात उमटलेला त्यांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवतात. राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. पण सासूबाई खऱ्या रमल्या त्या विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव! चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. “नावां बाईमाणसानच ठेयली असतली,” त्या म्हणाल्या.

तटावर चढणं त्यांना झेपलं नाही. लेक आणि हे वर जाऊन आले. आम्ही दोघी दरवाजाबाहेर दगडावर बसलो. समोर मालवण होतं. बंदर, कौलं, माड, आणि आम्ही काल बसलो होतो तो बाकसुद्धा. पदर सावरत त्या कितीतरी वेळ तिकडं बघत होत्या.

“एवढ्या जवळ असा?” त्या म्हणाल्या.

होडीवाले किल्ला पाहायला साधारण तासभर देतात. आमचा भरत आला, त्यानं हाक मारली. ह्यांनी हात पुढे केला, तर सासूबाई उठेनात.

“ह्या होडीन नको. दुसऱ्या होडीन जावया.”

ह्यांनी होडीवाल्याकडे पाहिलं. तो हसला. “बस गे आये, मी परत येतंय,” म्हणाला, आणि बाकीची माणसं घेऊन गेला.