कुंपणापलीकडे

कांहीं विद्या अशा असतात, कीं नांव सांगतांच ऐकणारास त्यांचें प्रयोजन कळतें. वैद्यक शिकणारा रोग बरे करील, स्थापत्य शिकणारा पूल बांधील. परंतु ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धा-कायदा व धोरण’ या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठीं मी ग्लासगोस निघालों, तेव्हां आमच्या अण्णांनीं विचारलें, “म्हणजे शर्यतींत पाय आडवा घालणाऱ्यास धरण्याचा कायदा कीं काय रे?” वर्षभर शिकूनहि याहून चांगली व्याख्या माझ्या हातीं लागली नाहीं.

व्यापाऱ्यांनीं संगनमतानें भाव ठरवूं नयेत, बलाढ्यानें लहानांस बाजारांतून हुसकावूं नये, मोठ्या कंपन्यांच्या एकीकरणाची आधीं तपासणी व्हावी, एवढाच या शास्त्राचा गाभा. अमेरिकेनें १८९० सालीं शेर्मन कायदा केला व त्याच्याच आधारें १९११ सालीं स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे झाले. युरोपानें हीं तत्त्वें १९५७ च्या रोमच्या तहांत गोविलीं. आपल्याकडे १९६९ च्या मक्तेदारी कायद्याची जागा २००२ च्या स्पर्धा-कायद्यानें घेतली. ज्या विद्यापीठांत मी हें शिकत होतों, तेथेंच अठराव्या शतकांत ॲडम स्मिथ नीतिशास्त्र शिकवीत असे. एकाच धंद्यांतील लोकांच्या बैठकींविषयीं त्या गृहस्थाचें मत फारसें चांगलें नव्हतें.

येथवर सारें सरळ आहे. अडचण आहे ती ‘आंतरराष्ट्रीय’ या विशेषणाची. २००१ सालीं जनरल इलेक्ट्रिक व हनीवेल या अमेरिकन कंपन्यांच्या एकीकरणास अमेरिकेनें कांहीं अटींवर संमति दिली आणि युरोपियन कमिशननें मनाई केली. एकच लग्न एका तीरावर शास्त्रोक्त, दुसऱ्या तीरावर निषिद्ध! जगास एकच नियम असावा म्हणून १९४८ च्या हवाना सनदेंत एक प्रकरण घातलें होतें. ती सनद अमलांतच आली नाहीं. जागतिक व्यापार संघटनेनें १९९६ सालीं सिंगापुरांत हा प्रश्न पुन्हां हातीं घेतला आणि २००४ सालीं वाटाघाटींतून वगळला. त्यास विरोध करणाऱ्यांत आपला देशहि होता.

एका सायंकाळीं ग्रंथालयांत वाचतां वाचतां मी थबकलों. निर्यातीसाठीं एकत्र येणाऱ्या व्यापाऱ्यांस अमेरिकेनें १९१८ सालींच शेर्मन कायद्यांतून सूट दिली आहे. कॅनडाच्या कायद्यांतहि तशी सवलत आहे. आपसांत मिळून घरच्या गिऱ्हाइकास नाडणें हा गुन्हा. परक्यास नाडलें, तर तो व्यापार! मला एकदम पोटॅश आठवलें. आपल्या शेतांस लागणारें हें खत जवळजवळ सारें परदेशांतून येतें, आणि जगांत तें विकणारे मोजकेच. कॅनडांतील मोठे उत्पादक तें परदेशीं एका सामाईक संस्थेमार्फत विकतात. रशिया व बेलारूस येथील उत्पादकांची अशीच भागी होती. ती २०१३ सालीं फुटली आणि जगभर भाव घसरले. भागी फुटतांच भाव उतरतात, तर ती टिकून असतां काय होत असावें, हें सांगावयास पदवी नको. जळगांवच्या केळीवाल्याचें गाऱ्हाणें मॉस्कोंत किंवा ओटावांत कोणीं ऐकावें?

मोठ्या आशेनें मीं आपला कायदा उघडला. परदेशांतील कराराचा येथील बाजारावर दुष्परिणाम झाल्यास आपल्या आयोगास चौकशी करतां येते, असें ३२ वें कलम म्हणतें. त्यानें धीर आला. पण मागें जाऊन ३ रें कलम पाहिलें, तों त्यांत निर्यातीच्या करारांस तीच सूट! शेजाऱ्याच्या कुंपणांत जें भगदाड दिसलें, तेंच आपल्याहि कुंपणांत होतें.

एवढें शिकल्यावर माझें मत असें झालें आहे, कीं ती सूट आपणच प्रथम खोडावी. निर्यात करणाऱ्या मंडळींस हें रुचणार नाहीं; दुसरे सोडीत नाहींत, मग आम्हींच कां सोडावें, असें ते विचारतील, आणि तो प्रश्न अगदींच गैर नाहीं. परंतु पोटॅशच्या भावाची दाद मागावयास उद्यां जळगांवचा केळीवाला उभा राहिला, तर त्यास प्रतिवादी आपलेंच ३ रें कलम वाचून दाखवील. त्या वेळीं त्याला तोंड राहिलें पाहिजे.