बिरडं सोलणारे हात

पहिलीत दाखल व्हायला मूल आलं की त्याचं नाव विचारायच्या आधी मी त्याच्यापुढे वाटीभर मोड आलेले वाल ठेवते आणि म्हणते, "जरा सोलू लाग मला." शहापूर-मुरबाडकडे वाल घरोघरी असतात. भात कापून झालं की खाचरात उरलेल्या ओलीवर ते पेरतात. भिजवायचे, फडक्यात बांधून मोड काढायचे, कोमट पाण्यात टाकून साल सैल करायची आणि मग सोलायचे. मूल दाणा अंगठा आणि तर्जनीत धरतं, मधलं बोट खालून टेकू देतं, दाबलं की डाळिंबी टुणकन पुढे उडते. जोर जास्त झाला तर तिची दोन दलं सुटतात, कमी पडला तर साल निघतच नाही. थोडे दाणे वाया गेले की मूल आपला जोर आपणच जोखायला लागतं. पुढे पेन्सिल धरायची ती याच तीन बोटांनी, आणि कागद न फाटता रेघ उमटवायची तीही याच अंदाजाने.

शेजारी बसलेल्या आईचा जीव मात्र वरखाली होत असतो. तिने उन्हाळाभर पोराकडून शंभरपर्यंत अंक घोटून घेतलेले असतात. "बाई, त्याला समदं येतं, म्हणून तरी दाखवू द्या." तेही मी ऐकते, पुरतं ऐकते. त्या पाठांतरामागे तिचे कष्ट असतात, आणि स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर सुटल्याची तिची सल असते. पण घरी अभ्यास घेणं म्हणजे पोराचा हात धरून पाटीवर अ गिरवणं, ही समजूत इतकी घट्ट आहे की तिच्यापायी घरातली खरी शाळा बंद पडते. धरलेला हात काही ठरवत नाही. तो फक्त ओढला जातो.

वर्षानुवर्षं पहिलीचा वर्ग घेताना आणि आयांच्या बैठका घेताना माझ्या हाती एक गोष्ट लागली. मुलासाठी खेळ शोधायचा म्हणजे घरातल्या रोजच्या कामात अशी जागा शोधायची, जिथे ठरवायचं ते मुलाने. ती जागा सापडली की बाकीचं काम मूल करतं.

ताटं मांडण्याचंच घ्या. रात्री आई म्हणते, "पाच ताटं आण." पोरगं आणतं. विचार सगळा आईने केलेला, पोराने फक्त वाहतूक केली. त्याऐवजी ती म्हणाली, "आज जेवायला कोण कोण आहे? तेवढी ताटं आण," तर सगळंच बदलतं. पोरगं उंबऱ्यात उभं राहून ओटीवरच्या आजोबांकडे, न्हाणीतल्या काकाकडे बघतं. पहिल्या दिवशी ते एकेक ताट आणतं: एक आजोबांपुढे, परत आत, एक आजीपुढे. या खेपा वाचवायला जाऊ नका, असं मी आयांना कळकळीने सांगते. प्रत्येक माणसाला एक ताट आणि प्रत्येक ताटाला एक माणूस, ही जोडी त्या खेपांमधूनच पक्की होते. ताट कमी पडलं तर बोलायचं नाही. आजीला ताट नाही, हे त्याचं त्याला दिसतं. मग एक दिवस ते चुलीपाशीच बोटांवर सगळ्यांना मोजतं आणि सगळी ताटं एकदम उचलतं. गणितातली मोठी पायरी ते त्या दिवशी चढलेलं असतं, आणि घरात कुणाला पत्ताही नसतो.

त्याच्या आधीची एक पायरी बघायला मला फार आवडते. मूल चिंचोके मोजतं: एक, दोन, तीन, चार, पाच. लगेच विचारायचं, "किती आहेत?" बरीच मुलं पुन्हा एकपासून मोजायला लागतात. शेवटी म्हटलेला पाच हा सगळ्या चिंचोक्यांचा मिळून आहे, हे अजून उमगलेलं नसतं. ते सांगून उमगत नाही, तेव्हा ओरडायचं नाही. उद्या अंडी मोजताना, परवा लाकडं रचताना तेच विचारायचं. एक दिवस मूल पुन्हा न मोजता "पाच" म्हणतं, तेही असं की जणू कसला खुळा प्रश्न विचारला! अंक शंभरपर्यंत म्हणता येणं आणि पाच म्हणजे किती हे कळणं, यांत केवढं अंतर आहे ते मी आयांना असंच, त्यांच्याच मुलासमोर चिंचोके ठेवून दाखवते.

या सगळ्याला आता सरकारी मांडवही मिळाला आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत अंगणवाड्या बंद होत्या. अंगणवाडीचा उंबरा धड न ओलांडलेली मुलं २०२२ साली पहिलीत यायची होती. तेव्हा राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं. एप्रिलमध्ये पहिला मेळावा, जूनमध्ये शाळा उघडताना दुसरा. शाळेच्या आवारात सात टेबलं लागतात: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी, सामाजिक-भावनिक विकास, आणि शेवटी पालकांशी बोलणं. मूल दोरीवरून उडी मारतं, मणी ओवतं, चित्र बघून बोलतं, आणि त्याच्या विकासपत्रावर नोंद होते. दोन मेळाव्यांच्या मधले आठवडे आयांचे. वाडीवाडीत माता पालक गट होतात आणि कृतींची कार्डं, व्हिडिओ त्यांच्यापर्यंत जातात. मला या अभियानाचं मोल वाटतं ते याच मधल्या आठवड्यांमुळे. मूल शिकवणं हे बाईंचंच काम, हा समज त्या आठवड्यांत थोडा तरी सैल होतो.

पण एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे कसले महिने, हेही बघायला हवं. भातसा, तानसा, वैतरणा यांचं पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. पहाटे हंडा घेऊन निघालेल्या बाईला "रोज अर्धा तास मुलासोबत बसा" असं मी कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून वेगळा वेळ, वेगळं सामान मागणारी कृती मी सुचवतच नाही. पाण्याच्या वाटेवर सोबत असलेल्या पोराला विचारायचं, "तुझी कळशी भरायला किती तांबे लागतील?" आधी अंदाज, मग भरून बघायचं. घरात जुनं मापटं-चिपटं असेल तर ते खेळायला द्यावं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मुलाला ही नावं पाठ नकोत. चिपट्याने मापटं भरताना प्रत्येक वेळी दोनच लागतात, हा शोध त्याचा त्याला लागू द्यावा. पायलीने भात मोजणाऱ्या आजोबांच्या मांडीशी बसलेली मुलं तो लावतात.

आमच्या भागात हे शहाणपण जुनं आहे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या आणि १९५७ साली त्यांचं बालशिक्षणाचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज तो भाग पालघर जिल्ह्यात असला तरी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मुलं गुरांमागे जात, तर शाळाही कुरणात गेली. मॉन्टेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे ही साधनं झाली. ही केवळ स्वस्त सोय होती, असं मला मुळीच वाटत नाही. रंगीत ठोकळे कारखान्यात एकसारखे होऊन येतात. पळसाची पानं मात्र एकासारखं दुसरं नसतं. ती लहानापासून मोठ्यापर्यंत लावताना मुलाला खरोखर निरखावं लागतं. पहिल्या पावसानंतर आजीसोबत कुर्डू, टाकळा खुडणारी मुलगी पानाची कड, शिर, वास पाहून खायचं कुठलं आणि सोडायचं कुठलं हे ओळखते. अक्षरं ओळखायला निघालेल्या डोळ्यांची याहून चांगली तयारी मला ठाऊक नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतला बारीक फरक टिपायचा, म्हणजे घ आणि ध वेगळे दिसायला लागतात.

भाषेसाठी माझा सगळ्यात लाडका खेळ निरोपाचा. मोबाईल घरोघर आल्यावर निरोप्याचं काम मुलांच्या हातून गेलं. ते मी आयांना सांगून परत द्यायला लावते. सुरुवातीला एका गोष्टीचा निरोप: "काकूला सांग, आईने बोलावलंय." जमलं की दोन गोष्टींचा, मग तीन: "काकूला सांग, उद्या मुरबाडच्या बाजाराला जायचंय, सकाळच्या एसटीने, आणि येताना पिशवी घेऊन ये." पोरगं मनात घोकत निघतं. वाटेत कुत्रं आडवं येतं, मित्र हाक मारतो. तिथे पोचेपर्यंत पिशवी गळून पडते. काकूने इथे एकच करायचं: "पिशवी आणायचीय का?" असं सुचवायचं नाही, "अजून काय म्हणाली आई?" एवढंच विचारायचं. मग पोरगं थांबतं, आठवतं, आणि आपल्या शब्दांत सांगतं. आईचं वाक्य जसंच्या तसं नसतं, पण अर्थ शाबूत असतो. ऐकलेलं धरून ठेवून आपल्या शब्दांत दुसऱ्यापर्यंत पोचवणं, यावर पुढचं सगळं वाचन उभं राहतं. ओळ वाचून झाल्यावर "काय म्हटलंय?" या प्रश्नाला गप्प राहणारी चौथीतली मुलं पाहिली की त्यांच्या हातून कितीतरी निरोप निसटून गेले, असं वाटत राहतं.

परतीचा निरोपही हवाच. काकू काय म्हणाली, ते आईने कामातून मान वर करून ऐकायचं. त्या वेळी मूल कातकरीत बोललं, ठाकरीत बोललं, आगरीत बोललं तरी मध्येच दुरुस्त करायचं नाही. शाळेच्या पुस्तकातली भाषा त्याला यथावकाश येईल. बोलताना अडवलं गेलेलं मूल मात्र बोलायचंच थांबतं आणि त्याला पुन्हा बोलतं करायला वर्ष जातं.

एप्रिलच्या मेळाव्यात काही नावं यादीत असतात आणि मुलं नसतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात अशा मुलांसाठी भट्ट्यांवरच भोंगा शाळा चालवल्या. भट्टीवरच्या मजुरांच्या खोपटाला भोंगा म्हणतात, त्यावरून ते नाव पडलं. भट्टीवर मुलाने विटा वाहू नयेत, यात मला कसलीच तडजोड मान्य नाही. पण मळलेल्या मातीचा एक गोळा त्याच्या हातात खेळायला जरूर असावा. त्यातून बैल होतो, गाडी होते, बैलाचे चार पाय सारखे नसले तर तो कलंडतो आणि मूल एक पाय पुन्हा वळतं. जूनमध्ये अशी मुलं वर्गात आली की मी त्यांना आधी मातीच देते. एप्रिलच्या मेळाव्यात जे राहिलं ते जूनच्या मेळाव्यात उरकून टाकण्याची घाई होते, ती या मुलांवर अन्याय करणारी आहे. त्यांच्यासाठी मधले आठवडे जूननंतर सुरू व्हायला हवेत. भाताच्या आवणीच्या दिवसांत मी पाड्यावर संध्याकाळी जाते, बैठक भरवत नाही, ओट्यावर बसते आणि जे काम चाललेलं असेल त्यातच मुलाला ठरवायची जागा शोधते.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाने तर या सगळ्याची दुसरीच बाजू दाखवली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साथीने तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून मुळाक्षरं शिकायला बसल्या. देशाबाहेरही त्याच्या बातम्या झाल्या. मला त्यातली घरातली संध्याकाळ महत्त्वाची वाटते. आजीचा अभ्यास नातवंडं घेतात. ज्या घरात आजीच्या हाती पाटी असते, तिथे अक्षर ही मुलाला धाक घालायची वस्तू राहत नाही. ते मोठ्या माणसालाही अवघड जातं, पुसून पुन्हा काढावं लागतं, हे मूल बघतं. माझ्या वर्गातल्या मुलांच्या अक्षरओळख नसलेल्या आज्यांना मी तेव्हापासून बैठकीला मुद्दाम बोलावते. वाचता येत नाही म्हणून संकोचून दाराशी बसणाऱ्या या बायकांकडे कोडी असतात, उखाणे असतात, बिया-पानांची माहिती असते, आणि पोराचं ऐकून घ्यायला लागतो तो वेळही असतो.

जूनच्या मेळाव्यात सातव्या टेबलावर, जिथे पालकांशी बोलायचं असतं तिथे, मी आता एकच प्रश्न विचारते: घरातल्या कुठल्या कामात तुमचं पोर हट्टाने हात घालतं? सुरुवातीला उत्तर येतं, "काय नाय करत, नुसता खेळतो." जरा थांबलं की कामं निघायला लागतात: लसूण सोलणं, भाकरीच्या पिठाची चिमणी करणं, वासराची दोरी सोडणं, आजोबांचा चष्मा शोधून आणणं. मी ती नावापुढे लिहून घेते, आणि पहिल्या पंधरवड्याचे पाठ त्या यादीवरून बेतते. मागच्या जूनला एक आई म्हणाली, "कोंबड्या कोंडायचं काम त्याचंच. एक जरी कमी असली तरी वळखतो, मोजत नाय तरी." तो मुलगा सबंध आठवडा वर्गात कुणाशी बोलला नव्हता. सोमवारी मी फळ्यावर खुराडं काढलं, आत काही कोंबड्या, बाहेर काही, आणि त्याला विचारलं की आता काय करायचं. तो उठून फळ्यापाशी आला आणि म्हणाला, "आधी पिल्लावाली आत घ्यायची, बाई. ती गेली का बाकीच्या जातात." मग त्याने बाहेरच्या कोंबड्या एकेक करून पुसल्या आणि आत काढल्या, आणि किती झाल्या ते वर्गाने मोजलं.