वाळवंटातला मांडव

कॅम्पिंग म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर योसेमिटीची उंच झाडं, झुळझुळणारी नदी आणि शेकोटीभोवतीची अंताक्षरी येते. वाळवंटात जाऊन राहायचं म्हटलं की प्रश्न ठरलेला, "तिथे आहे काय बघण्यासारखं?" सॅन डिएगोकडची आम्ही चार-पाच कुटुंबं गेली काही वर्षं हिवाळा सरता सरता अँझा-बोरेगोला मुक्कामाला जातो. कॅलिफोर्नियातलं हे सर्वांत मोठं स्टेट पार्क, आमच्याकडून मोटारीने साधारण दोन तासांवर. पाऊस बरा झालेला असला तर फेब्रुवारी-मार्चात तिथे रानफुलांचे गालिचे पसरतात. रात्री आकाश असं दिसतं की, लहानपणी गावी गच्चीवर झोपायचो त्याची आठवण व्हावी. तिथलं बोरेगो स्प्रिंग्ज हे गाव दिव्यांचा उजेड आवरून धरण्याबद्दल २००९ पासून 'डार्क स्काय' गाव म्हणून मान्यता पावलेलं आहे. तेव्हा बघण्यासारखं पुष्कळ आहे. नाही ती एकच गोष्ट, सावली!

आम्हां मधल्या वयाच्या मंडळींचं ठीक असतं. टोपी घातली, पाण्याची बाटली घेतली की निघालो. पण भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांचं काय? कोरड्या हवेत घाम आलेला कळतच नाही, आल्या आल्या वाळून जातो. म्हातारपणी तहानही कमी लागते. दुपारी बारा ते चार या वेळात बसायला घट्ट सावली नसेल, तर त्यांना घरी ठेवूनच जावं लागतं. आणि घरी टीव्हीसमोर बसवण्यासाठी का आपण त्यांना सात समुद्र ओलांडून आणतो? म्हणून आधी सावलीची सोय, मग बाकीचे बेत, असं आम्ही ठरवलं.

दुकानात छत्रीसारखा उघडणारा चार पायांचा तंबू मिळतो. मुलाच्या वाढदिवसाला बागेत तो छान शोभतो. वाळवंटातली दुपार मात्र वेगळी. जमीन तापली की वारा उठतो, डोंगरावरून खाली येणारे झोत तर काही न सांगता येतात. एकदा शेजारच्या मुक्कामावरचा असा तंबू उचलला गेला, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि आमची मुलं खेळत होती तिथून वीस पावलांवर त्याचे लोखंडी पाय येऊन आदळले. कुणाला लागलं नाही. पण त्या दिवशी आमच्यातल्या सिव्हिल इंजिनियरने कागद-पेन्सिल मागितली.

त्याने मांडलेला हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी २० मैलांचा वारा समोरच्या कापडाला दर चौरस फुटामागे सुमारे १ पौंड रेटतो, ४० मैलांचा सुमारे ४ पौंड. १० बाय २० फुटांची ताडपत्री म्हणजे २०० चौरस फूट. ती उचलली जाऊन पूर्ण वाऱ्यासमोर आली, तर ४० मैलांच्या झोताला ८०० पौंडांचा रेटा बसेल. पाच गॅलन पाण्याची बादली भरते फक्त ४० पौंडांच्या आसपास. चार कोपऱ्यांना चार बादल्या बांधून निश्चिंत होणाऱ्यांनी हा गुणाकार जरूर करून पाहावा.

तेव्हा पहिला नियम, ताडपत्री नको. आपल्याकडे ढोबळी मिरचीवर घालतात ते शेडनेट इथेही नर्सरीच्या सामानात मिळतं. सत्तर-ऐंशी टक्के ऊन अडवणारं घ्यावं. जाळीतून वारा निघून जातो, त्यामुळे कापडाचं शीड होत नाही, आणि खाली हवाही खेळती राहते.

सांगाड्याला आम्ही विजेच्या तारा ज्यातून नेतात तो एक इंची गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरतो. तो दहा फुटी तुकड्यांत मिळतो. १० बाय २० च्या सपाट मांडवाला तेरा पाइप लागतात. लांबीच्या दोन बाजूंना चार, आडवे तीन आणि पायांना सहा. पाय सात फुटांवर कापायचे, उंच मांडव वाऱ्याला जास्त सापडतो. कोपऱ्यांना तीन तोंडांचे चार जोड आणि मध्ये चार तोंडांचे दोन जोड. कापड सांगाड्यापेक्षा सगळीकडून अर्धा फूट लहान ठेवायचं आणि प्लास्टिकच्या गोळीच्या रबरी फासांनी पाइपला अडकवायचं. झोत आला की रबर ताणतं, कापड फाटत नाही.

खरी मेख मात्र जमिनीत आहे. गावाकडचा मांडववाला आधी खड्डे खणतो, मग कापडाकडे बघतो. इथे पार्कात खणाखणी करायची नाही, झुडपांना दोऱ्या बांधायच्या नाहीत. म्हणून प्रत्येक पायाच्या जागी अर्धा इंची लोखंडी सळई ठोकून पाइपचा पाय तिच्यावर बसवायचा, म्हणजे तो सरकत नाही. कोपऱ्यांना दोन-दोन आणि मधल्या पायांना एक-एक, असे एकूण दहा ताण. पाय जितका उंच, तितक्याच अंतरावर खुंटी. तीही सळईचीच, निदान दोन फुटी, मांडवापासून बाहेर कललेली. भुसभुशीत वाळूत त्याहून लांब सळया घ्यायच्या आणि एकीमागे एक अशा दोन ठोकायच्या. प्रत्येक सळईच्या डोक्यावर जुना टेनिसचा चेंडू खोचायचा. पोरं धावताना पडतात, ते काही सळई बघून पडत नाहीत.

दोऱ्या ताणण्याचा प्रश्न आमच्यातल्या एकीच्या सासऱ्यांनी सोडवला. सातारकडच्या शेतात त्यांचा जन्म गेला. बैलगाडीवर कडबा आवळायची गाठ त्यांनी दोन मिनिटांत बांधून दाखवली. दोरीत फास, त्यातून टोक ओवून खाली ओढायचं. इथले ट्रकवाले हीच गाठ बांधतात. ती हिसका दिला की सुटते, हे महत्त्वाचं. इंग्रजीशिवाय न बोलणारी आमची मुलं आजोबांभोवती रिंगण करून "अजून एकदा, आबा" म्हणत बसली. दोरी पॉलिएस्टरची हवी, नायलॉन ओली झाली की सैल पडते.

आणि शेवटचा नियम, वाऱ्याशी भांडायचं नाही. रात्री झोपताना, किंवा वारा तिशीच्या वर जातोय असं दिसलं की कापड काढून घडी घालायची. चार माणसांचं दहा मिनिटांचं काम. नुसत्या पाइपांना वारा धरायला काही मिळत नाही, सांगाडा उभा राहतो. वीज चमकू लागली तर मांडव सोडून सगळ्यांनी मोटारीत बसायचं.

यंदा त्या सावलीत तीन आज्यांनी दुपारभर पत्ते कुटले आणि एका आजोबांनी घोरून दाखवलं. पुढच्या खेपेला ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर यावं. हातोडा मात्र लगेच मिळणार नाही. पहिली सळई ही आमची मुहूर्तमेढ, आणि ती ठोकण्याचा मान मुक्कामावरच्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा असतो.